लिथुआनियन नावे आणि आडनावे: कुळाचा शोध घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात वाढलेल्या मराठी मुलामुलींची लग्ने आता नाना देशांच्या घरांत होतात. नातवंडांसाठी वंशवृक्ष काढायला बसले की एखादी फांदी थेट बाल्टिक समुद्राच्या काठी पोहोचते. शिकागोच्या किंवा पेनसिल्व्हेनियाच्या व्याह्यांकडून एक जुना फोटो, बाप्तिस्म्याचा एक दाखला आणि जिभेवर न बसणारे एक आडनाव हाती येते. ते घेऊन पुढे कसे जायचे, याची ही उत्तरे आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लिथुआनियन पूर्वज शोधताना एकाच स्पेलिंगला धरून बसू नका. समोरचा कागद कोणी लिहिला, कोणत्या भाषेत लिहिला आणि तेव्हा राज्य कोणाचे होते, हे पाहिल्याशिवाय त्यावरचे नाव वाचल्यासारखे होत नाही.

पणजोबांचे आडनाव चार कागदांवर चार तऱ्हांनी आहे. खरे कोणते?

चारही खरी. लिथुआनियात चर्चची वही लिहिणाऱ्या पाद्र्याची किंवा जमीनदाराच्या कारकुनाची भाषा शेतकऱ्याच्या घरातली नसे. ढोबळ क्रम असा: एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांपर्यंत नोंदी बहुतेक लॅटिनमध्ये, त्यानंतर १८४० च्या दशकाअखेरपर्यंत पोलिशमध्ये, तिथून पहिल्या महायुद्धापर्यंत रशियनमध्ये आणि १९१८ साली देश स्वतंत्र झाल्यावर लिथुआनियनमध्ये. नेमुनास नदीपलीकडचा सुवाल्कियाचा प्रदेश या क्रमात बसत नाही. तो वॉर्सॉच्या कारभाराखाली होता. तिथे नेपोलियनच्या कायद्याप्रमाणे १८०८ पासून लांबलचक पोलिश परिच्छेदांत नोंदी होत, आणि १८६८ पासून त्याच धाटणीच्या रशियन परिच्छेदांत.

त्यामुळे घरात जो काझ्लाउस्कास, तो पोलिश वहीत कोझ्लोव्स्की, मग रशियन लिपीत पुन्हा कोझ्लोव्स्की, आणि स्वतंत्र लिथुआनियाच्या पासपोर्टावर परत काझ्लाउस्कास. यात काही नेहमीच्या अदलाबदली आहेत, त्या पाठ कराव्यात. पोलिश -ओव्स्की म्हणजे लिथुआनियन -आउस्कास (यान्कोव्स्की, यान्काउस्कास). पोलिश -एविच म्हणजे -एविचुस (स्तान्कीएविच, स्तान्केविचुस). -ओविच म्हणजे -आविचुस. इथपर्यंत सोपे आहे. अवघड प्रकार पुढचा: काही कारकून प्रत्ययच बदलून टाकत. पेत्राइतिस म्हणजे पेत्रासचा मुलगा, तेव्हा तोच अर्थ धरून वहीत पिएत्रोविच लिहिला जाई. कधी आडनावाचे चक्क भाषांतर होई आणि लिथुआनियन लोहार पोलिश लोहार बनून बसे. लॅटिन नोंदीत दोन आडनावांच्या मधे ‘आलिआस’ किंवा ‘वेल’ (म्हणजे ऊर्फ) असा शब्द दिसला तर दोन्ही आडनावे टिपून ठेवा. घरजावई होऊन बायकोच्या शेतावर राहायला गेलेला माणूस त्या शेताच्या नावाने ओळखला जाण्याचा प्रकारही होता.

ही केवळ अडाणी शेतकऱ्यांची कथा आहे असे समजू नका. गाब्रिएल नारुतोविच १९२२ मध्ये पोलंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे सख्खे भाऊ स्तानिस्लोवास नारुताविचुस यांची सही १६ फेब्रुवारी १९१८ च्या लिथुआनियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. इवानोव्स्की भावंडांचे तर त्याहून विलक्षण: येझी पोलंडचे मंत्री, वात्स्लाव बेलारूसच्या चळवळीतले पुढारी, आणि तिसरे तादास इवानाउस्कास लिथुआनियन प्राणिशास्त्राचे संस्थापक. एका आईची ही मुले तीन देशांच्या इतिहासात तीन तऱ्हांनी लिहिली जातात. तुमच्या दोन चुलत शाखांची आडनावे जुळत नसतील तर ‘हे आपले नव्हेत’ असा निकाल लगेच देऊ नका.

आणखी एक सीमारेषा लक्षात असू द्या. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात काउनास लिथुआनियात आणि व्हिल्नियस पोलंडच्या ताब्यात होते. एकाच कुळातल्या काउनासकडच्यांची कागदपत्रे लिथुआनियन वळणाची आणि व्हिल्नियसकडच्यांची पोलिश वळणाची, असे त्या वीस वर्षांत सर्रास झाले.

म्हणजे वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांशीही याचा संबंध येतो का?

येऊ शकतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. ती माणसे युद्धापूर्वीच्या पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेली होती, आणि व्हिल्नियसचा परिसर तेव्हा पोलंडच्याच नकाशावर होता. तिथल्या एखाद्या कुटुंबाचे मूळ गाव त्या बाजूचे निघाले तर फक्त पोलंडमधली दफ्तरे पाहून थांबू नका. जुन्या नोंदी आज व्हिल्नियसमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे.

नवरा, बायको आणि मुलगी यांची आडनावे वेगवेगळी का दिसतात?

ती एकाच आडनावाची तीन रूपे असतात. पुरुषाचे आडनाव -आस, -इस, -ईस किंवा -उस असे संपते, क्वचित -आ किंवा -ए असे. बायकोच्या आडनावाला -इएने लागते. अविवाहित मुलीचे रूप वडिलांच्या शेवटावर अवलंबून असते: -आस किंवा -आ असेल तर मुलगी -आइते, -इस किंवा -ईस असेल तर -ईते, -उस असेल तर -उते किंवा -ऊते. काझ्लाउस्कास हे वडील, काझ्लाउस्किएने आई, काझ्लाउस्काइते मुलगी.

मुलीच्या आडनावात वडिलांच्या आडनावाचा शेवट जपलेला असतो, म्हणून शोधाच्या कामी तेच रूप सर्वांत मोलाचे. २००९ ते २०१९ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या दाल्या ग्रीबाउस्काइते यांचे नाव ऐकताच वडील ग्रीबाउस्कास हे कळते. माजी पंतप्रधान इन्ग्रिदा शिमोनीते यांच्या नावावरून वडिलांचे आडनाव -इस किंवा -ईस असे संपते हे कळते. लग्नानंतरच्या रूपात मात्र ही खूण पुसली जाते. १९९० मध्ये पंतप्रधान झालेल्या काझिमिरा प्रुन्स्किएने यांचे उदाहरण घ्या. या रूपावरून नवऱ्याचे आडनाव प्रुन्स्कास, प्रुन्स्किस की प्रुन्स्कुस हे सांगता येत नाही. ते प्रुन्स्कुस होते. त्यांचे माहेरचे आडनाव स्तान्केविचूते, म्हणजे वडील स्तान्केविचुस, हे मात्र निःसंशय. तेव्हा -इएने असलेला दाखला हाती आला की पुरुषाचे आडनाव अंदाजाने ठरवू नका, मुलीचा किंवा मुलाचा कागद शोधा.

पोलिश वहीत हे प्रत्यय नसतात. तिथे बायकोला -ओवा आणि मुलीला -उव्हना लागते, किंवा -स्की चे -स्का होते. त्या नोंदींत एक फार उपयोगी प्रयोग सापडतो: आईच्या नावापुढे ‘झ यान्कोव्स्किख’ असे लिहिलेले असते. अर्थ ‘यान्कोव्स्कींच्या घरातली’. ते आईचे माहेर. या एका शब्दामुळे अख्खी नवी शाखा उघडते, म्हणून पोलिश नोंद कधीही घाईने वाचू नये.

अमेरिकेत गेल्यावर ही रूपे बहुधा टिकली नाहीत. आई, मुलगी, सगळ्या वडिलांच्याच पुरुषी रूपाने लिहिल्या गेल्या. म्हणून पणजी ‘ॲना काझ्लाउस्कास’ या नावाने लिथुआनियातल्या वहीत सापडणार नाही.

हल्ली नुसते -ए असलेली आडनावे दिसतात, ती काय?

२००३ पासून स्त्रियांना वैवाहिक स्थिती न दाखवणारे रूप घेता येते, उदाहरणार्थ काझ्लाउस्के. यावर तिथे बराच वाद झाला. जुन्या नोंदींत हे रूप अपेक्षित नाही, पण हयात नातेवाइकांना पत्र लिहिताना त्या ज्या रूपाने स्वतःला ओळखतात तेच वापरा.

कागदावर ‘योनो’, ‘काझ्लाउस्को’ असे लिहिले आहे. हे वेगळे नाव आहे का?

नाही. मराठीत पाटील या आडनावाला विभक्ती लागली की पाटलाचा, पाटलाला होते. लिथुआनियनमध्ये प्रत्येक नाव आणि आडनाव असेच बदलते. योनो म्हणजे योनासचा, काझ्लाउस्को म्हणजे काझ्लाउस्कासचा, युर्गियो म्हणजे युर्गिसचा, बुत्काउस म्हणजे बुत्कुसचा, ओनोस म्हणजे ओनाचा. थडग्यावर ‘काझ्लाउस्कू शेइमा’ कोरलेले असते, ते ‘काझ्लाउस्कास कुटुंब’. शोधयादीत नाव भरण्यापूर्वी ते मूळ रूपात आणायला विसरू नका. नाहीतर यंत्र काहीच सापडले नाही असे सांगते आणि माणूस निराश होतो.

सोव्हिएत काळातल्या याद्यांत, १४ जून १९४१ रोजी सुरू झालेल्या आणि युद्धानंतर पुन्हा झालेल्या हद्दपारीच्या याद्यांतही, ‘काझ्लाउस्कास पेत्रास, योनो’ अशी नोंद भेटते. शेवटचा शब्द वडिलांचे नाव आहे. सैबेरियाला नेलेल्या माणसाचे वडील कोण, हे सांगणारा तो कधीकधी एकमेव धागा असतो.

आडनाव -आउस्कास असे संपते, म्हणजे कुळ सरदारांचे होते का?

हा समज मराठी व्याह्यांपेक्षा अमेरिकन लिथुआनियन घरांतच अधिक आढळतो. पोलिश -स्की हा प्रत्यय मुळात जहागिरीच्या गावावरून आला आणि सरदारांकडे तो प्रतिष्ठेचा होता, इतके खरे. पण सतराव्या-अठराव्या शतकांत शेतकऱ्यांची आडनावे वहीत पक्की होत होती तेव्हा कारकुनांनी तोच प्रत्यय साध्या कुळवाड्यांनाही लावला. काझ्लाउस्कास हे आज लिथुआनियातले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे, आणि एवढे सरदार कोणत्याही देशात नसतात. उलट बाजूने, लिथुआनियात छोट्या, गरीब सरदारांची संख्या मोठी होती. ते स्वतःच्या हाताने नांगर धरत.

खात्री आडनावावरून होत नाही, नोंदीतल्या वर्गावरून होते. रशियन काळात प्रत्येकाच्या नावासोबत शेतकरी, नगरवासी किंवा सरदार असा वर्ग लिहीत. १७९५ च्या फाळणीने हा प्रदेश रशियाकडे गेल्यावर सरदार घराण्यांना आपले सरदारपण कागदोपत्री सिद्ध करावे लागले. अशी फाइल सापडली तर पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ आयती मिळते. शेतकऱ्यांसाठी त्याच सरकारने कर आकारण्यासाठी केलेल्या शिरगणतीच्या याद्या आहेत, शेवटच्या मोठ्या याद्या १८५० आणि १८५८ च्या. त्यांत घरातल्या माणसांची वयेही असतात.

आडनावावरून मूळ गाव किंवा प्रदेश कळतो का?

गाव नाही, दिशा कळते. -आइतिस (आदोमाइतिस, योनाइतिस) नैऋत्येकडे, म्हणजे सुवाल्किया आणि जुन्या प्रशियाच्या बाजूला दाट. -ऊनास आणि -एनास ईशान्येच्या औक्श्ताइतिया भागात. -ओनिस दक्षिणेकडे. माणसे लग्नाने आणि मजुरीने हलत राहिली, त्यामुळे ही फक्त पहिली अटकळ. याहून नेमके काम लिथुआनियन भाषा संस्थेच्या आडनाव कोशाने होते. दोन खंडांचा हा कोश १९८५ आणि १९८९ मध्ये निघाला आणि त्याची सामग्री आता ऑनलाइन आहे. आडनाव कोणकोणत्या ठिकाणी नोंदले गेले हे त्यात दिलेले असते. दुर्मीळ आडनाव असेल तर हा कोश तुम्हाला थेट दोन-तीन गावांपर्यंत नेतो. काझ्लाउस्कास असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

आडनावांचे अर्थ काय असतात?

बहुतेकांचे मूळ वडिलांचे नाव. काही धंद्यावरून: कुबिलुस म्हणजे लाकडी पिंपे बनवणारा, पुओज्युस कुंभार, काल्वाइतिस लोहाराचा मुलगा. काही प्राणिपक्ष्यांवरून: विल्कास लांडगा, वानागास ससाणा. शोधाला खरी मदत होते ती बाहेरून आलेल्यांच्या आडनावांची. नाउयोकास म्हणजे नवा आलेला, गुदाइतिस बेलारूसकडचा, लेन्काइतिस पोलंडकडचा, प्रूसाइतिस प्रशियाचा, तोतोराइतिस तातारांपैकी. अशा आडनावाचा पूर्वज ज्या गावात नोंदला गेला त्या गावचा तो मूळचा नव्हता, हे ते आडनावच सांगते. झेमाइतिस हे आडनाव झेमाइतिया या पश्चिमेकडच्या प्रदेशाबाहेर सापडले तर पिढ्यांपूर्वी कोणीतरी पश्चिमेकडून आले असावे, असे धरून चालता येते.

पहिले नावही प्रत्येक कागदावर बदलते. माणूस एकच हे कसे ओळखायचे?

नावांचे गट माहीत करून घ्या. युओझास हा लॅटिनमध्ये योसेफुस, पोलिशमध्ये युझेफ, रशियनमध्ये इओसिफ किंवा ओसिप, अमेरिकेत जो. युर्गिस हा गेओर्गिउस, येझी, गेओर्गी आणि जॉर्ज. ही जुळणी कानाला पटते. फसगत होते ती कानाला न पटणाऱ्या जोड्यांत. वाइतिएकुस हा पोलिशमध्ये वोइत्सिएख, पण लॅटिनमध्ये आदाल्बेर्तुस आणि अमेरिकेत बरेचदा अल्बर्ट. लाउरीनास हा पोलिशमध्ये वाव्झिनिएत्स. अमेरिकेत स्तासीस स्टॅन्ली झाला, व्लादास वॉल्टर, काझिमिएरास कधी चार्ल्स. मोतिएयुस मागे दोन वेगळे पोलिश संत असू शकतात, मातेउश आणि मात्सिएय, आणि पाद्री त्यांची सरमिसळ करत. बायकांत ओना म्हणजे ॲना, कोत्रीना म्हणजे कॅथरीन, एल्झ्बिएता म्हणजे एलिझाबेथ.

मुलाचे नाव अनेकदा जन्मतारखेच्या आसपासच्या संतावरून ठेवले जाई: ४ मार्च काझिमिएरास, १९ मार्च युओझास, १३ जून आन्तानास, २४ जून योनास, २६ जुलै ओना. घरात वाढदिवसापेक्षा हा नामदिन थाटाने होई. म्हणून अमेरिकन कागदावर जन्मतारीख नेमकी २४ जून आणि नाव जॉन असेल, तर ती तारीख नामदिनाची असू शकते हे मनात ठेवा आणि चर्चच्या वहीत मागेपुढे पाहा.

आणि एक जड गोष्ट. लहानपणी गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला पुन्हा ठेवत. एकाच आईबापांचे दोन योनास सापडले तर पहिला जगला असे गृहीत धरू नका. मृत्यूची वही पाहिल्याशिवाय पहिल्या नोंदीवर वंशवृक्ष उभारला, तर तो एका बाळाच्या नावावर उभा राहतो.

पूर्वजाचे नाव व्हीतौतास किंवा बिरुते असू शकते का?

जन्म कधीचा त्यावर आहे. ही ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या वळणाची जुनी लिथुआनियन नावे. ग्रँड ड्यूक योगाइला यांनी १३८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १३८७ पासून लिथुआनियात ख्रिस्ती धर्म अधिकृतपणे आला, झेमाइतियात तर १४१३ नंतर. लोकांना गटागटाने उभे करून अख्ख्या गटाला एकच ख्रिस्ती नाव दिले गेले, असे पोलिश इतिवृत्त सांगते. त्यानंतर चर्चच्या वहीत संतांची नावे राहिली आणि व्हीतौतास, गेदिमिनास, आल्गिर्दास ही जुनी नावे मागे पडली. ती संपली मात्र नाहीत. त्या घडणीची दोन शब्दांची जुनी नावे आडनावे होऊन टिकली: दाउगिर्दास, गेद्विलास, मोन्त्विला, नोर्वाइशा. तुमच्या कुळाचे आडनाव यांपैकी असेल तर ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या लिथुआनियातले एखाद्याचे हाक मारायचे नाव तुमच्या कागदावर अजून जिवंत आहे. कुळशोधातली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच.

पहिली नावे म्हणून ती परत आली राष्ट्रीय जागृतीबरोबर. १९३० हे वर्ष ग्रँड ड्यूक व्हीतौतास यांच्या निधनाच्या ५०० व्या स्मृतीचे म्हणून देशभर साजरे झाले, आणि त्या पिढीत व्हीतौतास, आल्गिर्दास, केस्तुतिस, बिरुते, आल्दोना घरोघरी झाले. १९३२ चा व्हीतौतास अगदी स्वाभाविक. १८६० चा शेतकरी व्हीतौतास कोणी वंशवृक्षात दाखवला तर मूळ नोंद मागा.

एलिस आयलंडवरच्या अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले, असे घरात सांगतात.

तसे तिथे, न्यूयॉर्कच्या त्या स्थलांतरित तपासणी केंद्रावर, होत नसे. प्रवाशांची यादी जहाज सुटते त्या बंदरात, हाम्बुर्ग किंवा ब्रेमेनला, तयार होई आणि न्यूयॉर्कचे अधिकारी तीच यादी तपासत. म्हणून यादीतले आडनाव बहुधा पोलिश, जर्मन किंवा रशियन वळणाचे असते. बदल झाला तो पुढे, खाणीच्या हजेरीपटावर, शाळेत, शेजाऱ्यांच्या तोंडी, आणि कित्येकदा माणसाने आपल्या सोयीने केला. १९३२ मध्ये हेवीवेट जगज्जेता झालेला मुष्टियोद्धा जॅक शार्की जन्माने झुकाउस्कास होता. अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू जॉनी युनिटास याचे आडनाव म्हणजे योनाइतिसचे कानाने लिहिलेले रूप.

आडनावातल्या अक्षरांवरच्या खुणा शोधताना टाकायच्या का?

दोन्ही प्रकारे शोधा. टोपी असलेला एस म्हणजे श, टोपी असलेला सी म्हणजे च, बिनटोपीचा सी म्हणजे त्स, जे म्हणजे य, आणि वाय म्हणजे दीर्घ ई. अमेरिकन कारकुनाने श साठी एस-एच लिहिले, पोलिश कारकुनाने एस-झेड.

इथे एक मोठा गैरसमज आहे. पेनसिल्व्हेनियाच्या दफनभूमीत एस-झेड, सी-झेड आणि डब्ल्यू असलेली आडनावे पाहून कित्येक घरांनी ‘आपण पोलिश होतो’ असे ठरवून टाकले. आजची लिथुआनियन लेखनपद्धती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. त्याआधी लिथुआनियन माणूस लिथुआनियन मजकूरसुद्धा त्याच पोलिश अक्षरांनी लिही. शिवाय १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे रशियन सत्तेने लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली होती आणि पुस्तके प्रशियातून पाठीवर वाहून चोरून आणावी लागत. त्या पिढीच्या थडग्यावरचे स्पेलिंग राष्ट्रीयत्वाचा पुरावा म्हणून वाचणे त्यांच्यावर अन्याय आहे.

आडनाव जर्मन दिसते, -आइट असे संपते, तरी कुळ लिथुआनियन म्हणतात. कसे?

ते बहुधा पूर्व प्रशियातले, म्हणजे तेव्हाच्या जर्मन सरहद्दीवरचे लिथुआनियन, धर्माने प्रोटेस्टंट. तिथे आदोमाइतिसचा आदोमाइट झाला, काल्वाइतिसचा काल्वाइट, नाउयोकासचा नाउयोक्स. २००१ ते २०१४ या काळात बर्लिनचे महापौर असलेले क्लाउस वोवेराइट यांचे आडनाव खारीवरून आलेले लिथुआनियन आहे. या घरांच्या नोंदी जर्मन ल्युथेरन वह्यांत शोधा. अविवाहित मुलीला तिथे -इके असा प्रत्यय दिसतो. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले जिवलग सहकारी हरमान कालेनबाख यांचे बालपण याच पट्ट्यात, नेमुनासच्या मुखाजवळच्या रुस्ने गावात गेले. २०१५ पासून तिथे दोघांचा पुतळा आहे. कालेनबाख ज्यू होते आणि नाव जर्मन, हेही त्या सरहद्दीचे खास लक्षण.

लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबांना हेच नियम लागू होतात का?

नाही. रशियन साम्राज्यातल्या ज्यूंना वंशपरंपरागत आडनाव घेणे १८०४ च्या कायद्याने भाग पाडले. त्यापूर्वी माणूस अमक्याचा मुलगा तमका एवढाच. आडनावे गावावरून (विलेन्स्की, कोव्हनेर), धंद्यावरून, आणि आईच्या किंवा आजीच्या नावावरूनही घेतली गेली: रिव्का वरून रिव्हकिन, द्वोरा वरून द्वोर्किन. -इएने, -आइते हे प्रत्यय त्यांच्या जुन्या नोंदींत शोधू नका. या वह्यांत एका बाजूला रशियन आणि दुसऱ्या बाजूला हिब्रू मजकूर असतो. रशियन बाजूला नुसता लेइब, तर हिब्रू बाजूला येहुदा लेइब. तसेच त्स्वी हिर्श, दोव बेर. दोन्ही बाजू वाचून घ्या.

बाळाला दिवंगत नातलगाचे नाव देण्याची त्यांची रीत वंशावळीसाठी अनमोल आहे. नातवाला आजोबांचे नाव मिळाले म्हणजे आजोबा त्याआधी गेले. १९४१ ते १९४४ या काळात लिथुआनियातल्या ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले. विचारायला गावात कोणी उरले नाही, म्हणून या वह्या आणि ही नावे जपून, अचूक वाचण्याची जबाबदारी अधिक.

प्रत्यक्ष नोंदी कुठे मिळतात?

आधी धर्म आणि चर्चचे गाव शोधा. ‘लिथुआनिया’ किंवा ‘कोव्हनो’ एवढ्यावर काम होत नाही. कोव्हनो हे काउनासचे रशियन नाव, आणि त्या नावाचा भलामोठा प्रांतही होता. गावाचे नाव अमेरिकेतल्या चर्चच्या लग्नाच्या नोंदीत, नागरिकत्वाच्या अर्जात किंवा लिथुआनियन वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत मिळते. १९४० पर्यंत लिथुआनियात, क्लाइपेदा प्रदेश सोडला तर, जन्म-विवाह-मृत्यूची नोंद सरकार करत नसे, धर्मसंस्था करत. त्यातल्या जुन्या वह्या व्हिल्नियसच्या राज्य ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत आणि बऱ्याचशा ‘ए-पावेल्दास’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात.

तारखांबाबत एक सूचना. रशियन साम्राज्य जुने ज्युलियन पंचांग पाळत होते. ते एकोणिसाव्या शतकात १२ दिवसांनी आणि विसाव्या शतकात १३ दिवसांनी मागे होते. दोन कागदांत नेमका एवढाच फरक असेल तर तो विरोध नव्हे, दुजोरा आहे.

लिथुआनियन आणि संस्कृत इतक्या जवळच्या, मग नावांवरून भारताशी नाते काढता येईल का?

भाषांचे नाते पक्के आहे. सूनुस आणि सूनु, उग्निस आणि अग्नि, विल्कास आणि वृक हे शब्द एका मुळाचे आहेत. पण तो दुरावा हजारो वर्षांचा आहे. कुळाचा शोध दोनतीनशे वर्षांच्या वह्यांत चालतो. तिथे ध्वनिसाम्याचा उपयोग नाही.

नागरिकत्वासाठी अर्ज करताना नावांचा फरक आड येतो का?

१५ जून १९४० पूर्वी लिथुआनियाचे नागरिक असलेल्यांच्या मुलांना, नातवंडांना आणि पतवंडांना नागरिकत्व परत मिळवता येते. मात्र १९०५ मध्ये रशियन साम्राज्य सोडून गेलेला पणजोबा १९१८ नंतरच्या प्रजासत्ताकाचा नागरिक झाला होता का, हे वेगळे दाखवावे लागते. कोझ्लोव्स्की आणि काझ्लाउस्कास एकच, हे नुसते सांगून चालत नाही. आईबापांची नावे, गाव आणि तारखा जुळवणारी कागदांची साखळी लागते. नियमांतले बारकावे बदलतात, तेव्हा अर्जापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

शेवटी वंशवृक्षात नाव कोणत्या रूपात लिहावे?

प्रत्येक नोंदीतले रूप जसेच्या तसे, त्या कागदाची तारीख, भाषा आणि गावासह टिपून ठेवा. स्वतः सुधारू नका. मुख्य चौकटीत आजच्या लिथुआनियन लेखनातले रूप, सर्व खुणांसह लिहा, म्हणजे दुसऱ्या शोधकर्त्यांच्या झाडाशी जुळवता येईल. स्त्री कुठलीही असो, तिचे जन्माचे आडनाव आधी: स्तान्केविचूते, मग कंसात लग्नानंतरचे. नातवंडांसाठी खाली देवनागरीत उच्चार जरूर लिहा, पण शोधयंत्रात तो टाकू नका. देवनागरीत त्यांचा बिनटोपीचा झेड आणि टोपीचा झेड दोन्ही ‘झ’ होतात, आणि वहीत मात्र ती दोन निराळी कुळे असू शकतात.